मासे शेजारच्या देशात गेले, हे मोजतं कोण आणि कसं?

चौकसबाई
ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेल माशाच्या भांडणाबद्दल वाचते आहे आणि डोकं गरगरायला लागलंय. आइसलँडने २००६ मध्ये चारेक हजार टन मॅकरेल धरला आणि २००८ मध्ये थेट लाखाच्या वर. आइसलँड म्हणतं, मासा आमच्या पाण्यात येतो, आमच्याकडचा चारा खाऊन गुबगुबीत होतो, तेव्हा आम्हाला वाटा हवा. नॉर्वे आणि युरोपीय संघ म्हणतात, मासा आमचाच आहे, उन्हाळ्यात जरा हिंडायला आलाय. प्रत्येक बातमीत 'हवामान बदलामुळे मासे स्थलांतरित' हे वाक्य ठोकून दिलेलं असतं.

माझा प्रश्न भाबडा वाटेल. पण मासा सरकला, हे नक्की कळतं कसं? तो वाढला म्हणून इकडे सांडला असेल. किंवा आधीही असेल, बोटी आत्ता तिकडे वळल्या असतील. आणि सरकलाच असेल तर पाणी तापलं म्हणून सरकला हे कोण ठरवतं? जाणकारांनी उजेड पाडावा.

तिरकस
माशांना पासपोर्ट नसतो.

(हे कोणीतरी म्हणणारच होतं, म्हणून मीच म्हणून मोकळा झालो. चला आता पुढे.)

आडवाटेचा
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गलबतवाला
बाई, प्रश्न अजिबात भाबडा नाही. मी तीन उन्हाळे एका सर्वेक्षण जहाजावर यंत्रं सांभाळायला होतो, तेव्हा पाहिलेलं सांगतो.

मॅकरेल हा मोजायला अत्यंत खट मासा आहे. हेरिंगच्या पोटात हवेची पिशवी असते. इको साउंडरचा आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर थवा लालभडक दिसतो. मॅकरेलला ती पिशवीच नाही. नेहमीच्या ३८ किलोहर्ट्झवर त्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण येतो की जहाजाखालून अख्खा थवा गेला तरी पडद्यावर पुसट धूर दिसावा तसं काहीतरी दिसतं. शिवाय उन्हाळ्यात तो पार पृष्ठभागालगत पोहतो, म्हणजे यंत्राच्या नजरेच्याही वर.

म्हणून जाळं. दर जुलैत नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटं आणि काही वर्षं ग्रीनलँड यांची जहाजं मिळून नॉर्डिक समुद्र विंचरतात. सुरुवात २००७ ला झाली. सगळ्यांकडे एकाच बनावटीचं ट्रॉल, म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं. ठिकाणं आधी नकाशावर पक्की केलेली, तिथे गेल्यावर मासा दिसो न दिसो, अर्धा तास ओढायचं, साधारण पाच नॉट वेगाने. जहाज सरळ नेत नाहीत, किंचित वळवत नेतात, म्हणजे जाळं पंख्याने घुसळलेल्या फेसाच्या बाहेर राहतं. मासेमारीत आणि मोजणीत फरक हाच. मासेमार मासा असेल तिथे जातो, आपण ठरलेल्या ठिकाणी जायचं.

वर आलेला माल तोलायचा, लांबी मोजायची, काहींच्या डोक्यातून कानातला खडा काढायचा. तो तांदळाच्या कणीएवढा असतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय. थंडगार डेकवर ओल्या हातमोज्यांनी चिमटा धरून ती कणी डबीत टाकणं याला कौशल्य लागतं. माझ्या हातून निम्म्या खाली पडायच्या.

चौकसबाई
गलबतवाले दादा, दंडवत! म्हणजे मासे पकडल्याचे सरकारी आकडे पाहून काही कळत नाही?

मीटरपट्टी
कळतं, पण बोटी कुठे गेल्या ते. इंधन महागलं, कोटा बदलला, शेजाऱ्याशी करार मोडला, की मासा जागेवर असूनही पकडीचा नकाशा हलतो.

पण सर्वेक्षणाच्या आकड्यांतही खड्डे आहेत. पेपरांमध्ये बहुतेकदा 'गुरुत्वमध्य' काढतात: प्रत्येक ठिकाणी किती मासा सापडला त्याचं वजन देऊन अक्षांशाची सरासरी. दरवर्षी हा बिंदू उत्तरेला सरकला, की मासा उत्तरेला चालला. ठीक. आता समजा दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात बेसुमार मासेमारी झाली आणि तिथला मासा संपला. उत्तरेकडचा एकही मासा हललेला नाही, तरी सरासरी उत्तरेला सरकणार! वर्गातली मागच्या बाकावरची मुलं घरी गेली म्हणून उरलेला वर्ग पुढे सरकला म्हणायचं का?

दुसरा खड्डा खोलीचा. उत्तर समुद्रातले तळाशी राहणारे मासे दशकाला सरासरी साडेतीन मीटरच्या आसपास खोल गेले, असा २००८ चा अभ्यास आहे. गार पाणी उत्तरेलाच असतं असं नाही, खालीही असतं. मेक्सिकोच्या आखातात तर उत्तरेला जमीनच आहे, मासा जाणार कुठे? खाली. नुसता अक्षांश पाहणाऱ्याला वाटतं काही घडलंच नाही.

तिसरा खड्डा या धाग्याचाच विषय आहे: सर्वेक्षणाचं जहाज सीमेवर थांबतं. मासा थांबत नाही. मग आकडा कमी झाला तर मासा मेला की शेजारी गेला, हे एका देशाच्या आकड्यांतून कळूच शकत नाही.

भोवरा
तिसऱ्या मुद्द्याला बेरिंग समुद्राइतकं चपखल उदाहरण नाही. अमेरिका तिथे आग्नेय भागात १९८२ पासून, एक २०२० सोडलं तर, दर उन्हाळ्यात एकाच पद्धतीने तळ-ट्रॉल ओढते. हिवाळ्यातला बर्फ वितळला की तळाशी २ अंशांखालच्या पाण्याचा एक थंड पट्टा उरतो. पोलॉक आणि कॉड त्याच्यात शिरायला नाखूश असतात. म्हणजे ती एक अदृश्य भिंतच. उत्तर भागात २०१० साली ट्रॉल ओढलं तेव्हा हे मासे किरकोळ होते, २०१७ ला पुन्हा गेले तर भरपूर. २०१८ ला तो थंड पट्टा जवळजवळ उरलाच नव्हता. उत्तरेकडचा कॉड वेगळ्या वंशाचा असेल अशी शंका होती, पण जनुकीय तपासणीत तो आग्नेयेकडच्याच साठ्यातला, म्हणजे माशांच्या त्याच गटातला निघाला.

मधली सहा-सात वर्षं तिथे जहाज गेलंच नव्हतं, हेही लक्षात घ्या. आणि पश्चिमेला रशियाबरोबरची १९९० ची सीमारेषा. मग तिथे समुद्रतळावर वर तोंड करून इको साउंडर नांगरून ठेवले, वर्षभर डोक्यावरून काय जातंय ते ऐकायला. पोलॉकला हवेची पिशवी असते, त्यामुळे जमलं. मॅकरेल असता तर बसले असते कानाला हात लावून.

तिरकस
म्हणजे सीमेवर पहारेकरी बसवले, तेही पाण्याखाली, आणि त्यांनी फक्त गेले-आलेले मोजायचे, अडवायचं नाही. स्वप्नातली नोकरी.

निमित्तमात्र
जरा उलट सूर लावतो. १९२०-३० च्या दशकांतही उत्तर अटलांटिक तापला होता. कॉड पश्चिम ग्रीनलँडच्या किनाऱ्याने वर वर गेला, तिथे मोठी मासेमारी उभी राहिली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस बसलीही. तेव्हा 'हवामान बदल' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. समुद्राचे असे उबदार-गार फेरे असतातच. प्रत्येक माशाच्या हालचालीला एकच बिल फाडायची सवय झाली आहे लोकांना.

अक्षांशी
निमित्तमात्र, तुमचं उदाहरण खरं आहे पण निष्कर्ष घाईचा आहे. फेरे असतात म्हणून तर लांब मालिका लागतात. व्यापारी जहाजांच्या मागे ओढत नेण्याचं प्लवक-नोंदणी यंत्र १९३१ पासून उत्तर समुद्रात आणि अटलांटिकमध्ये चालू आहे. लोखंडी डबा, आत रेशमी जाळीची पट्टी, जहाज पुढे जाईल तशी ती गुंडाळली जाते आणि पाण्यातले बारीक जीव तिच्यावर अडकतात. जाळी अजूनही रेशमाचीच ठेवली आहे, कारण कापड बदललं तर जुन्या नोंदींशी तुलना बिघडेल. त्या पट्ट्यांवर दिसलं की कॉडच्या पिल्लांना हवा असलेला गार पाण्यातला 'कॅलानस' नावाचा बारीक जीव उत्तरेला हटत गेला आणि त्याचा उबदार पाण्यातला भाऊबंद त्या जागी आला. मासा पुढे गेला की नाही यावर वाद घाला, पण त्याचं ताट आधीच पुढे गेलं होतं.

दुसरं, एका माशावरून कोणी ठरवत नाही. उत्तर समुद्रातल्या ३६ जातींचा २५ वर्षांचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन-तृतीयांश जाती अक्षांशाने, खोलीने किंवा दोन्हींनी सरकल्या होत्या. वेगवेगळ्या जातींवर मासेमारीचा ताण वेगळा, खाणं वेगळं, आयुष्य वेगळं, तरीही बहुतेक एकाच दिशेला वळल्या तर मग बिल कोणावर फाडायचं? जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर सागरी जातींच्या पसाऱ्याची पुढची कड दशकाला सरासरी ७२ किलोमीटर सरकलेली दिसते. जमिनीवरचे प्राणी-वनस्पती याच्या कितीतरी मागे.

गलबतवाला
अक्षांशीताईंशी सहमत, पण एक कबुली देतो. ती ऐकून निमित्तमात्र खूश होतील. मॅकरेल हे हवामान बदलाचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात गोंधळाचं उदाहरण आहे.

तो पश्चिमेला पसरला तेव्हा पाणी उबदार होतंच, पण साठाही फुगलेला होता. गर्दी झाली, चारा पुरेना, म्हणून थवे नवीन कुरणं शोधत आइसलँडपर्यंत आणि पुढे ग्रीनलँडपर्यंत गेले. तापमानाने दार उघडलं, पण ढकललं गर्दीने आणि भुकेने. २०२० च्या सुमारास आइसलँडच्या पाण्यातला त्याचा वाटा झपाट्याने घटला, थवे पूर्वेला नॉर्वेच्या समुद्राकडे आवरले गेले. समुद्र काही पुन्हा जुन्या काळाइतका गार झाला नव्हता. नुसत्या तापमानाने हे उलगडत नाही.

निमित्तमात्र
खूश झालो. मिठाई पाठवतो.

कायदेकानू
या धाग्यात कायद्याचं कोणीच बोलेना म्हणून आले. १९८२ च्या समुद्र कायदा कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र दिलं. साठा दोन देशांच्या क्षेत्रात असेल तर कलम ६३ काय म्हणतं? त्या देशांनी उपायांबाबत एकमत होण्याचा 'प्रयत्न करावा'. प्रयत्न! १९९५ चा करार खुल्या समुद्रात ये-जा करणाऱ्या माशांसाठी आणखी खोलात जातो. पण दोन्हींच्या मनातलं चित्र असं की साठा इथे आहे, हे त्याचे मालक, बसा आणि वाटून घ्या. साठाच उठून तिसऱ्याच्या अंगणात गेला तर काय, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

वाटणीचं एक जुनं सूत्र म्हणजे ज्याच्या पाण्यात मासा जितका, तितका त्याचा वाटा. ऐकायला न्यायाचं. पण 'जितका' म्हणजे कधी? जुलैत, की अंडी घालताना, की थंडीच्या तोंडावर जेव्हा मांसात चरबी चांगली असते तेव्हा? प्रत्येक देश आपल्या सोयीचा महिना निवडतो. मॅकरेलची अंडी मोजण्याचं वेगळं सर्वेक्षण १९७७ पासून दर तीन वर्षांनी होतं, पोर्तुगालपासून वर उत्तरेपर्यंत. त्यात अंडी दिसतात मुख्यतः आयर्लंड-स्कॉटलंडच्या पश्चिमेला आणि त्याच्या दक्षिणेला. जुलैच्या नकाशात मासा दिसतो थेट नॉर्डिक समुद्रात. दोन्ही नकाशे बरोबर! घर कुठलं, जन्माचं की जेवणाचं?

२०१४ मध्ये युरोपीय संघ, नॉर्वे आणि फेरो यांनी करार केला, आइसलँड बाहेरच. बाहेरच्यांनी स्वतःचा कोटा स्वतःच जाहीर करायचा आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा जास्त व्हायची. शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र २०१२ मध्ये निलंबित झालं, परत मिळालं, २०१९ ला पुन्हा निलंबित. दरम्यान ग्रीनलँडने २०११ च्या सुमारास सुरुवात केली आणि २०१४ साली मॅकरेल त्या देशाच्या एकूण निर्यात उत्पन्नाच्या २३ टक्क्यांवर पोचला. शून्यातून तीन-चार वर्षांत. अशा देशाला सांगा, मासा तुझा नाही म्हणून.

खडूफळा
अवांतर: हा मॅकरेल म्हणजे आपण ज्याला बांगडा म्हणतो तो नव्हे. चुलतभाऊ म्हणा फार तर. एका भाषांतरात 'बांगडा युद्ध' असं वाचलं होतं, तेव्हापासून हात शिवशिवत होते.

तिरकस
बांगडा युद्ध म्हटल्यावर मला वाटलं, बांगड्या भरण्यावरून.

भोवरा
कायदेकानू, भांडण न करता जमवलेलं एक उदाहरण आहे. पश्चिम-मध्य प्रशांत महासागरात आठ बेटदेशांचा गट आहे: पापुआ न्यू गिनी, किरिबाटी, नौरू, तुवालू वगैरे. तिथे स्किपजॅक ट्यूना उबदार पाण्याच्या कडेबरोबर फिरतो. एल निनो आला की ती कड हजारो किलोमीटर पूर्वेला जाते आणि मासा तिच्यामागे. म्हणजे यंदा पापुआ न्यू गिनीची चांदी, तर पुढच्या वर्षी किरिबाटीची. यांनी २००७ पासून जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालणं सोडून 'जहाज-दिवस' विकायला सुरुवात केली. एकूण दिवस ठरलेले, ते आपसात हस्तांतर करता येतात. मासा शेजाऱ्याकडे गेला तर आपले दिवस त्याला विका. जहाज कुठे आहे हे उपग्रहावरून कळतं, त्यामुळे देखरेख सोपी झाली.

हेलकाव्यांसाठी ही व्यवस्था सुरेख आहे. पण कायमचा सरकला तर? उत्सर्जन असंच भरमसाट राहिलं तर २०५० पर्यंत दहा बेटदेशांच्या पाण्यातला ट्यूना सरासरी १३ टक्क्यांनी घटेल आणि बराचसा खुल्या समुद्रात जाईल, असा २०२१ चा अंदाज आहे. खुल्या समुद्रात दिवस विकत घ्यायला कोणी येत नाही.

मीटरपट्टी
अंदाजांवरून आठवलं. २०२२ चा एक अभ्यास म्हणतो, २०३० पर्यंत सामायिक साठ्यांपैकी २३ टक्के सरकलेले असतील, आणि उत्सर्जन जास्त राहिलं तर शतकअखेर ४५ टक्के. लोक हे आकडे मोजणीचे असल्यासारखे फेकतात. ते प्रारूपाचे, म्हणजे संगणकावर मांडलेल्या गणिताचे आहेत. देखरेख करायची ती प्रारूप खरं ठरतंय की नाही हे कळायला, आणि त्याला लागतात दोन्ही बाजूंची, एकाच पट्टीने मोजलेली माहिती.

नवशिका
मी नवीन आहे इथे. पाण्यातल्या डीएनएवरून कळतं म्हणे कुठला मासा आहे. मग जाळी कशाला ओढायची?

अक्षांशी
लिटरभर पाणी गाळून त्यात मासा सोडून गेलेल्या पेशींचा डीएनए वाचतात, खरं आहे. नवा पाहुणा आलाय का, हे लवकर ओळखायला उत्तम. पण प्रवाह तो डीएनए वाहून नेतो, आणि त्यावरून मासा किती, केवढा, किती वयाचा हे कळत नाही. पाच वर्षांचा की यंदाचा, यावरच पुढचा कोटा ठरतो.

गलबतवाला
मला त्याहून आवडलेली युक्ती म्हणजे नॉर्वेवाल्यांची. २०११ पासून ते जिवंत मॅकरेलच्या पोटात काचेच्या नळीतली इवलीशी चिप घालून सोडतात, आणि वेगवेगळ्या देशांतल्या मासळी कारखान्यांच्या पट्ट्यांवर स्कॅनर बसवलेत. मासा पट्ट्यावरून सरकला की चिप आपला नंबर सांगते. कुठे सोडला, कुठे धरला, किती वर्षांनी. कोणत्याही देशाच्या प्रतिनिधीला यावर वाद घालता येत नाही. मासाच साक्षीदार.

आणि आता किस्सा. एका वर्षी सगळ्यांच्या फायली एकत्र करून नकाशा काढला, तर मॅकरेलचा एक घसघशीत थवा स्वीडनच्या डोंगरात! एका सहभागी देशाच्या (नाव घेत नाही) फाइलमध्ये पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह गळलं होतं. १५ पश्चिमचं झालं १५ पूर्व. जहाजावर तीन दिवस यावर हसलो. मग आमच्यातल्या एकाने विचारलं, चूक थोडी लहान असती तर? अर्ध्या अंशाची? मासा समुद्रातच राहिला असता, फक्त सीमेच्या पलीकडे. कोणाच्या लक्षात आलं असतं? हसू थांबलं.

कायदेकानू
किश्श्यात गंमत आहे तितकंच राजकारणही. अमेरिका आणि कॅनडामधल्या १९८५ च्या पॅसिफिक सामन कराराचं असंच झालं. समुद्राची लय बदलली, अलास्कात विक्रमी सामन, दक्षिणेकडे दुष्काळ. ज्याचं पारडं जड झालं त्याला नव्याने बोलणी कशाला हवीत? १९९७ मध्ये चिडलेल्या कॅनडाच्या मासेमारांनी प्रिन्स रूपर्ट बंदरात अलास्काची प्रवासी फेरीबोट आपल्या बोटींनी घेरून अडकवली. १९९९ ला नवं सूत्र ठरलं: ठरावीक आकडा नाही, त्या वर्षी मासा किती आहे त्यावर पकड. आता सगळी भिस्त मोजणीवर.

अक्षांशी
आणि मोजणी युद्धात अडकते. बॅरेंट्स समुद्रातला कॉड नॉर्वे आणि रशिया सत्तरच्या दशकापासून निम्मानिम्मा वाटून घेत आलेत, शीतयुद्धातही. सल्ला यायचा १९०२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेकडून. २०२२ मध्ये परिषदेने रशियाचा सहभाग थांबवला, मग दोघांनी आपापसात हिशेब सुरू ठेवला. कॉडला युद्ध माहीत नाही, तो दोन्हीकडे जातो. एका बाजूचे आकडे मिळेनासे झाले तर मीटरपट्टी म्हणाले तो तिसरा खड्डा कायमचाच.

मध्य आर्क्टिकमध्ये मात्र उलट केलंय. २०१८ चा करार, २०२१ पासून लागू, युरोपीय संघ धरून दहा पक्ष. निदान १६ वर्षं तिथे व्यापारी मासेमारी नाही, आधी एकत्र संशोधन. अजून बर्फ आहे, मासे फारसे नाहीत, म्हणून सगळे शहाण्यासारखे वागले.

तिरकस
भांडायला काही नसेल तेव्हाच करार करून टाकावा. लग्नाआधी भांडी वाटून घ्यावीत तसं.

चौकसबाई
दोन दिवस आले नाही तर केवढं साचलंय! सगळ्यांचे आभार. पण मूळ प्रश्नाकडे येऊ का? मग आइसलँडचा दावा खोटा होता?

गलबतवाला
नाही हो. मासा तिथे होता, मी स्वतः तोललाय. तो तिथे खात होता, हेही पोट चिरून पाहिलंय. आता तिथे कमी आहे, हेही त्याच जाळ्याने सांगितलं. अडचण अशी की वाढलेला नकाशा घेऊन वाटा मागायला सगळे येतात, आणि आक्रसलेला नकाशा घेऊन वाटा परत करायला कोणी येत नाही. म्हणून मला वाटतं, सामायिक मोजणी करून भागणार नाही. नकाशा बदलला तर वाटा कसा बदलायचा, हे मोजणीच्या आधी लिहून घ्यायला हवं. जाळं वर आल्यावर कोणीच तटस्थ नसतो.

चौकसबाई
पटलं. काल एका अहवालातला नकाशा पुन्हा उघडून बसले. आधी मोठे गोल बघायचे, आता रिकाम्या जागा बघते: तिथे मासा नव्हता, की तिथे जहाजच गेलं नव्हतं? दोन्ही पांढरंच छापलंय.

मीटरपट्टी
शून्य असेल तिथे बारीक फुली असायला हवी. नसेल तर लेखकांना पत्र लिहा, मी सही करतो.

तिरकस
पत्रात उणे चिन्हाचंही लिहा. स्वीडनच्या डोंगरातला कोटा अजून कोणी मागितलेला नाही.